डाव्या दाढेची ग्वाही

जामखेडच्या त्या अडत दुकानात धान्याचा ओलावा मोजायचं यंत्र येऊन सहा वर्षं झाली होती, तरी माल घेऊन आलेला शेतकरी पायरी चढता चढता पहिल्यांदा विचारायचा, "बिभीषनभाऊ हायेत का?" यंत्र बिचारं टेबलावर फडक्याखाली झाकलेलं असायचं. लोकांचा विश्वास होता तो बिभीषणभाऊंच्या डाव्या दाढेवर.

चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. वयाच्या अठराव्या वर्षी पोती उचलायला लागले आणि दोन-चार हंगामांतच सगळ्यांच्या लक्षात आलं, की हा पोरगा दाणा चावून सांगतो ते चुकत नाही. ज्वारी असो, बाजरी असो, हरभरा असो. त्यांची एक रीत होती. पोत्यात स्वतः हात घालायचा नाही. ज्याचा माल त्यानेच तळातून मूठ काढायची आणि त्यांच्या तळहातावर ठेवायची. उद्या कोणी म्हणायला नको, की बिभीषणने मुद्दाम ओले दाणे निवडले. मग चार-पाच दाणे तोंडात टाकायचे, डाव्या बाजूला घ्यायचे, डोळे मिटायचे आणि एकदाच चावायचं. वाळलेला दाणा 'कट्ट' करून फुटतो. ओला दाणा नुसता चेपतो, बोलत नाही. दाणे थुंकून ते सांगायचे, "वाळलाय," नाहीतर "अजून दोन उन्हं द्या." त्यावर ना शेतकरी बोलायचा, ना व्यापारी. व्यापाऱ्याने कितीही डोळे मिचकावले तरी उपयोग नव्हता, कारण बिभीषणभाऊंचे डोळे तेव्हा मिटलेले असायचे.

माणसाला कशाचा ना कशाचा गर्व असतोच. कोणाला बैलजोडीचा असतो, कोणाला जावयाचा. बिभीषणभाऊंना दाढेचा होता, आणि खरं सांगायचं तर तो शोभत होता. या माणसाने आयुष्यात दुसरं काही कमावलं नव्हतं. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, बायको बनुबाई आणि चार गावांत शब्दाला किंमत, एवढाच काय तो संसार.

या दाढेचा सगळ्यात मोठा भक्त होता भीमा. भीमा आणि बिभीषणभाऊ एकाच गावचे, एकाच वर्गात सातवी नापास झालेले. बाजारात माल नेवो न नेवो, भीमाची ज्वारी घरच्या कोठीत पडायची ती बिभीषणभाऊंनी चावून सांगितल्यावरच. दरवर्षी मळणी झाली की निरोप यायचा, मग अंगणात ढिगाशेजारी पाट मांडला जायचा, चहा व्हायचा आणि दाणा चावायचा कार्यक्रम व्हायचा. भीमाची बायको गोजरबाई तोंडाला पदर लावून हसायची. भीमा तिला म्हणायचा, "हसू नगस. देव खोटं बोलंल, पर ह्येची दाढ बोलायची न्हाई."

तो भीमा गेल्या दिवाळीनंतर नवव्या दिवशी गेला. रानात पाणी धरत होता. छातीत कळ आली, जीपमध्ये घालून जामखेडला नेईपर्यंत सगळं संपलं. हस्ताच्या पावसावर त्याने पेरलेली ज्वारी तेव्हा गुडघ्याएवढी झाली होती.

दहाव्याच्या दिवशी माणसं पांगल्यावर गोजरबाई बिभीषणभाऊंना म्हणाली, "भावजी, ही ज्वारी म्या इकनार न्हाई. त्यांच्या हातची शेवटची पेर हाय. वरीसभर तीच खाईन, आन फुडल्या सालाला बियानं बी त्यातलंच धरीन."

"एक दाना वाया जायाचा न्हाई वहिनी," बिभीषणभाऊ म्हणाले. "कोठीत भरायच्या येळी मी येतो."

शब्द दिला आणि पौषात दाढ दुखायला लागली.

दुखणं साधं नव्हतं. लवंग झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या, कोणी सांगितलं म्हणून तंबाखूची मिसरी झाली. चौथ्या दिवशी गाल एवढा सुजला, की दुकानातली पोरं ओळखेनात. बनुबाईने दंडाला धरून त्यांना जामखेडच्या दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर दिशा नावाची तरुण मुलगी होती, जवळच्याच एका गावातली, शेतकऱ्याची लेक. तिने फोटो काढला आणि सांगितलं, की दाढ वरून झिजून आतल्या नसेपर्यंत कीड गेली आहे. काढायची नसेल तर रूट कॅनल करावं लागेल.

काढायची? बिभीषणभाऊंना त्या नुसत्या शब्दानेच घाम फुटला.

तीन खेपा झाल्या. तिने दाढेतली सडलेली नस काढली, मुळं आतून साफ केली, त्यात मसाला भरला आणि वरून सिमेंट लावून दाढ बंद केली. तिसऱ्या खेपेपर्यंत सूज उतरली, ठणका गेला. बिभीषणभाऊ उठून हात जोडायला लागले तशी ती म्हणाली, "काका, बसा. काम अर्धंच झालंय. आता यावर कॅप बसवायची."

"दुखायचं थांबलं की."

"थांबलं, कारण आत आता नस नाही. पण नस गेली की दाढ सुकत जाते, ठिसूळ होते. त्यात आपण ती आतून पोकरलीय. नुसत्या भिंती उभ्या आहेत. जोर पडला की उभी चिरेल." मग तिला काय सुचलं कोणास ठाऊक, ती म्हणाली, "बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना? ती नसली तर चाक उकलतं. तशीच कॅप. पंधरा दिवसांत या. तोवर डाव्या बाजूने काही चावायचं नाही. फुटाणे नाही, ऊस नाही, काही नाही."

बिभीषणभाऊंनी जिभेने दाढ चाचपली. मग त्यांनी खरं ते विचारलं. "म्याडम, कॅप बसवल्यावर दाना चावल्याला कळंल का?"

दिशाला त्यांचा धंदा माहीत होता. तिच्या वडिलांचा हरभराही त्यांनी चावून दिला होता. ती थाप मारू शकली असती, पण मारली नाही. "दाब कळेल काका. तो हिरडीतून, हाडातून कळतो. आवाज मात्र थोडा बदलेल. महिनाभरात सवय होईल."

"आवाज बदलंल?"

"थोडासा."

"मंग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "धाव लावल्याली गाडी पळती चांगली, पर चाकाला माती कळत न्हाई."

तिने पुन्हा सांगितलं, जरा रागावूनही सांगितलं. बनुबाईने घरी जाताना सांगितलं, घरी गेल्यावर सांगितलं, भाकरी वाढताना सांगितलं. "हंगाम हुंद्या, मंग बगू," एवढंच उत्तर. गरज सरो वैद्य मरो, ही आपल्याकडची जुनी खोड. दुखतं तोवर डॉक्टर देव, दुखायचं थांबलं की तिची चिठ्ठी कॅलेंडरच्या मागे. त्या कॅलेंडरमागे बिभीषणभाऊंनी कॅपची चिठ्ठी खोचली आणि पंधरा दिवसांचे दोन महिने झाले.

भाकरी ते उजवीकडून खायचे. दुकानात दाणाही उजवीकडेच घ्यायचे. पण उजवी दाढ अडाणी होती. चाळीस वर्षांत तिला कोणी काही शिकवलंच नव्हतं. ती सगळ्या दाण्यांना सारखंच चावायची. बिभीषणभाऊ डोळे मिटून उभे राहायचे आणि आतून काहीच यायचं नाही. मग मालक जेवायला गेले, की ते यंत्रावरचं फडकं काढून मूठभर दाणे त्यात टाकायचे, आकडा बघायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे. शेतकऱ्याला सांगायचे, "वाळलाय." निकाल बरोबर असायचा, कोणाचं नुकसान होत नव्हतं. पण संध्याकाळी घरी येताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं. बनुबाईलाही त्यांनी हे सांगितलं नाही.

फाल्गुनात गोजरबाईचा निरोप आला. मळणी झाली, या.

मळणीच्या आधी अवकाळी पाऊस येऊन गेला होता. खुडलेली कणसं ताडपत्रीखाली होती, तरी कडेने पाणी शिरलं होतं. नंतर तीन दिवस ऊन पडलं, मळणीवाला मशीन घेऊन येऊन गेला, आणि आता अंगणात ज्वारीचा ढीग पडला होता. मोत्यासारखी ज्वारी. पश्चिमेकडे मात्र पुन्हा काळं व्हायला लागलं होतं. आज भरायची, की झाकून ठेवून अजून ऊन द्यायचं, एवढाच प्रश्न होता. भरायची ठरली तर लगेच भरायला हवी होती.

बिभीषणभाऊंना निघताना एकदा वाटलं होतं, की यंत्र मागून घ्यावं. मालकांनी दिलंही असतं. पण भीमाच्या अंगणात यंत्र घेऊन जायचं? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते रिकाम्या हातांनी गेले.

पाट मांडलेला होता. चहा झाला. गोजरबाईने रीतीप्रमाणे ढिगात कोपरापर्यंत हात घातला. हात जरा वेळ आतच राहिला. मग तिने मूठ काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि समोर उभी राहिली.

त्यांनी दाणे उजवीकडे घेऊन चावले. काही कळेना. पुन्हा दुसरे घेतले. पुन्हा तेच. गोजरबाई बघत होती. तिच्यामागे भीमाची टोपी खुंटीला तशीच टांगलेली होती. मित्राच्या शेवटच्या पिकाची पारख अडाणी दाढेने करायची? आणि उद्या चुकलं तर? एकदाच, त्यांनी मनाशी म्हटलं, एकदाच. त्यांनी दाणे डावीकडे सारले, डोळे मिटले आणि चावले.

कट्ट!

असा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. खणखणीत, थेट कानाच्या मुळाशी जाणारा. दोन-अडीच महिने मुकी झालेली दाढ बोलली होती. हिरडीत किंचित चमक आल्यासारखं झालं, पण त्याकडे कोण लक्ष देतो! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भीमा असता तर त्याने मांडीवर थाप मारली असती.

"वहिनी, भरा," ते म्हणाले. "असा दाना वाजला न्हाई आजवर."

गोजरबाईने ढिगाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "भरू मंग?"

"बिनघोर भरा."

दोघांनी मिळून पाट्यांनी ज्वारी कोठीत ओतली. थराथरात कडुलिंबाचा पाला घातला. झाकण बसवून त्याच्या कडा शेणामातीने लिंपल्या. गेल्या सालची एक पोतं ज्वारी घरात होती. ती संपली की कोठी उघडायची असं ठरलं. शेवटची पाटी ओतली आणि टपटप थेंब पडायला लागले. वेळेत झालं म्हणून बिभीषणभाऊ भिजत, खुशीत घरी आले. त्या रात्री बनुबाईला म्हणाले, "कॅप-बिप काय नगं. माझी दाढ जागी हाय."

वैशाखात त्या जाग्या दाढेच्या हिरडीवर पुटकुळी आली. त्यातून घाण चवीचं पाणी यायला लागलं. दाढ बोटाने हलवली तर तिचे दोन भाग दोन दिशांना हलायचे. बनुबाई या वेळी नुसती चप्पल घालून दारात उभी राहिली.

दिशाने आरसा घालून बघितलं आणि सुस्कारा सोडला. "चिरली काका. वरपासून मुळापर्यंत उभी. आता हिला कॅप नाही आणि काही नाही. काढावी लागेल."

"कवा चिरली असंल?"

"दोन महिने सहज झाले असतील. आत पू धरायला तेवढा वेळ लागतो. चावताना कधी मोठा आवाज आला होता का? कट्ट करून?"

बिभीषणभाऊ खुर्चीत आडवे होते. डोळ्यांवर दिव्याचा उजेड होता. त्यांनी हळूच विचारलं, "मंग दुखलं कसं न्हाई?"

"नसच काढलेली ना काका. सांगणार कोण?"

ते उठूनच बसले. गळ्यातलं फडकं ओढून काढलं. दिशा म्हणत होती, अहो थांबा, इंजेक्शन भरलंय. ते पायऱ्या उतरून रस्त्यावर आले, गावाकडे जाणारी जीप मिळाली तिच्या मागच्या फळीला लोंबकळले. बनुबाई मागे राहिली, हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. बारा किलोमीटर त्यांच्या कानात एकच आवाज होता. त्या दिवशी अंगणात वाजला तो दाणा नव्हता. दाणा गप्पच बसला होता. वाजली ती त्यांची स्वतःची दाढ, चिरताना. आणि आपल्या हाडाच्या त्या आवाजावर ते मित्राच्या बायकोला म्हणाले होते, बिनघोर भरा.

गोजरबाई ओसरीवर डाळ निवडत बसली होती. त्यांचा चेहरा बघून ती उठली. "काय झालं भावजी? बनुबाई बऱ्या हायेत न्हवं?"

"कोठी उघडा वहिनी."

"जुनी सरायला अजून आठ दिस हायेत."

"उघडा म्हनतो न्हवं!"

ते तिच्यावर जन्मात कधी ओरडले नव्हते. तिने खुरपं आणून लिंपण फोडलं. झाकण उचललं तशी आतून उबट, आंबूस वाफ आली. वरचा वीतभर थर ठीक दिसत होता. त्याखाली हात घातला तर गरम लागला. दाणे एकमेकांना चिकटून ढेकळं झाली होती. फोडलं की आत हिरवट-काळी बुरशी. त्यांनी आणखी खाली हात घातला, आणखी खाली, पार खांद्यापर्यंत. सगळीकडे तेच. जनावरांना घालण्याच्याही लायकीची उरली नव्हती.

बिभीषणभाऊ कोठीला धरून खाली बसले आणि ढसाढसा रडायला लागले. साठीला आलेला माणूस, लेकरासारखा. रडता रडता त्यांनी सगळं सांगितलं. कॅप बसवली नाही ते, उजवी दाढ अडाणी ते, चोरून यंत्र बघत होतो ते, आणि ती कट्ट कशाची होती ते. "माझ्या मिजाशीपायी भीमाची ज्वारी कुजली वहिनी. ह्या तोंडात शेन घाला माझ्या."

गोजरबाईने एक ढेकूळ हातात घेतलं होतं, ते हळूहळू कुस्करत होती. मग म्हणाली, "भावजी, मला तवाच कळलं हुतं."

"काय?"

"ढिगात हात घातला तवाच. आतून गार लागलं. चाळीस वरसं ज्वारी हाताळली म्या, मला कळंना व्हय? अजून चार उनं पायजे हुती." तिने कुस्करलेलं ढेकूळ खाली टाकलं. "पर तुमी वाजली म्हनलात. आन ह्यांनी उभ्या जन्मात सांगितलं, देव खोटं बोलंल, पर बिभीषनची दाढ न्हाई. म्हनलं, मालक गेलं म्हून काय आता त्यांच्या शब्दाच्या वर जायाचं? म्हनलं, माझाच हात चुकत असंल."

बिभीषणभाऊंना तिच्या तोंडाकडे बघवेना. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढ्या वर्षांत त्या अंगणात पाटावर बसून त्यांनी मान घेतला, आणि ढिगात हात घालणारी बाई दर साली समोर उभी होती. तिला कधी कोणी विचारलं नव्हतं, तुला काय वाटतं म्हणून. भीमाने नाही, आणि त्यांनीही नाही. चाळीस मुठी तिने त्यांच्या तळहातावर ठेवल्या होत्या.

उन्हं कलायच्या आत गोजरबाईने वरचा थर वेगळा काढायला घेतला. तेही तिच्या हाताखाली काम करायला लागले. ती दाखवेल तेवढंच काढायचे. दोघांनी मिळून सुपाने तो थर उतरवला, बुरशीची ढेकळं बाजूला केली, पाखडलं. एवढ्या मोठ्या कोठीतून दीड पाटी ज्वारी निघाली. खाण्यापुरती नाही, पण बियाण्याला काही तरी.

गोजरबाईने त्यातली मूठ भरली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्यापुढे धरली. "ही तरी वाळली हाय का, बगा."

बिभीषणभाऊंनी हात मागे घेतला. "तुमी सांगा वहिनी."

ती घोटाळली. मग तिने ती मूठ दुसऱ्या हातात घेतली, अंगठ्याने दाणे चोळले, मूठ मिटली आणि तशीच धरून राहिली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिने हात मोकळा केला नाही.

"ओली हाय," ती म्हणाली.

"बरं," बिभीषणभाऊ म्हणाले, आणि अंगणात जिथे ऊन होतं तिथे पोत्याचं चवाळं अंथरायला गेले.